मान सैल सोडण्याआधी

पुण्या-मुंबईत आणि आता तालुक्याच्या गावीही पाटी लावून बसलेल्या समस्त कायरोप्रॅक्टर मंडळींस,



"ताई, मान एकदम सैल सोडा." हे वाक्य मी तुमच्यापैकी एकाच्या टेबलावर उताणी पडून तीन वेळा ऐकलं. अपघातानंतर जी मान गाडी रिव्हर्स घेताना मागे वळत नव्हती, कुशीवर झोपू देत नव्हती, भांग पाडताना कळ काढत होती, ती सैल सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला तिन्ही वेळा कळलं नाही. मी हो म्हटलं. तुमच्या माणसाने हनुवटीखाली एक हात घातला, कानामागे दुसरा, डोकं डावीकडे नेलं आणि झटका दिला. आतून खडखड असा आवाज आला, वाळूवर पाय पडावा तसा. "ऐकलंत? निघालं!" तो म्हणाला. काय निघालं, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नांबद्दल आहे. त्यातले काही माझे होते, बरेचसे तुम्ही मला विचारायला हवे होते.

आधी माझी हकिगत. मी मुद्रितशोधक आहे. बत्तीस वर्षं मान खाली घालून ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. त्यामुळे मान दुखणं मला नवीन नाही. पण ते दुखणं वेगळं आणि हे वेगळं. डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेस-वेवर, खंडाळ्याच्या घाटात, नेहमीसारखी रांग लागली होती. आमची गाडी उभी होती. मागून एक पिकअप येऊन धडकला. फार जोरात नाही. डिकी चेपली, काच फुटली नाही, कुणाला खरचटलंही नाही. माझ्या सीटचं हेडरेस्ट मात्र पार खाली दाबलेलं होतं, कारण मागे बसलेल्या नातवाला पुढचा रस्ता दिसत नव्हता. हा दोष माझा. (वाचणाऱ्यांपैकी कुणी गाडीत उशीसारखं मानेशी हेडरेस्ट ठेवून फिरत असेल, तर ते आजच वर करा. त्याचा वरचा काठ निदान कानांच्या वर हवा.)

मागून धक्का बसला की सीट पुढे जाते, सीटबरोबर पाठ जाते, आणि पाचेक किलो वजनाचं डोकं बिचारं जागेवरच राहतं. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मानेचा इंग्रजी एस होतो: खालचे मणके मागे वाकलेले, वरचे पुढे. स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. या हालचालीला चाबकाच्या फटक्याची उपमा देऊन 'व्हिपलॅश' म्हणायची पद्धत १९२८ पासूनची, हॅरोल्ड क्रो नावाच्या अमेरिकन अस्थितज्ज्ञाने पाडलेली. त्याला म्हणे फक्त हालचाल सांगायची होती. पुढे लोकांनी ते आजाराचंच नाव करून टाकलं. त्या रात्री मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलताना मला ते हातांनी धरून उचलावं लागलं.

एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एक्स-रे निघाला. "फ्रॅक्चर नाही, काळजी करू नका," असं सांगून तिथल्या तरुण डॉक्टरांनी मानेचा पट्टा आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. सगळं मिळून तीन मिनिटं. पट्टा किती दिवस घालायचा हे चिठ्ठीवर नव्हतं, म्हणून मी तो पाच आठवडे घातला. अशा दुखापतीत मान जितक्या लवकर सोसवेल तितकी हलवायची असते, पट्ट्यात ठेवली की ती आणखी आखडते, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा तुमची भरभराट झाली त्यात त्या तीन मिनिटांचा वाटा मोठा आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. तुमच्याकडे निदान मला कुणीतरी हात लावला. दुखतं कुठे ते बोटाने दाबून पाहिलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

आता तक्रारी.

भाच्याने मोबाइलवर तुमच्या क्लिनिकची रील दाखवली होती. कॉलरजवळ माइक, झटका, आवाज, पेशंटचा विस्फारलेला चेहरा, मग हसू. मी गेले तेव्हा काउंटरवर एक टॅबलेट पुढे केला गेला. त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत चारेक पानं मजकूर. सवयीने मी वाचायला लागले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, फॉर्मॅलिटी आहे, खाली सही करा." मी तरीही वाचलं, धंदाच तो आमचा. त्यात माझा व्हिडिओ काढून वापरायला परवानगी होती आणि त्या चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली होती. अपघात कधी झाला, गाडी कशी होती, हाताला मुंग्या येतात का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ झाल्याचं कुणी सांगितलंय का, यातलं एकही वाक्य त्या पानांत नव्हतं. मी अठ्ठावन्न वर्षांची, पाळी थांबून आठ वर्षं झालेली बाई. हाडांचा प्रश्न तरी विचारायचा!

हे प्रश्न मी मनाने काढलेले नाहीत. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ साली मानेसाठी एक साधा नियम प्रसिद्ध केला, 'कॅनेडियन सी-स्पाइन रूल' म्हणून तो जगभरच्या कॅज्युअल्टीत वापरतात. वय पासष्ट किंवा त्याहून जास्त, अपघाताचा प्रकार धोक्याचा, हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा: यातलं एक जरी असलं तरी आधी एक्स-रे काढा. काहीच नसेल आणि बाकीची लक्षणं सौम्य असतील, तर पेशंटला स्वतःहून मान दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंश वळवायला सांगा. 'स्वतःहून' हा त्यातला महत्त्वाचा शब्द. तुमच्याकडे माझी मान पहिल्यांदा वळली ती तुमच्या हातांनी.

त्याआधी, १९९५ मध्ये, कॅनडातल्याच क्यूबेकच्या अभ्यासगटाने व्हिपलॅशच्या पायऱ्या पाडून दिल्या होत्या. नुसती दुखणारी, आखडलेली मान ही पहिली. तपासताना हालचाल कमी आणि दाबल्यावर दुखरे बिंदू सापडले तर दुसरी. हाताची ताकद कमी, संवेदना गेलेली, म्हणजे नसेपर्यंत प्रकरण गेलेलं, ती तिसरी. हाड मोडलेलं किंवा सांधा निखळलेला ती चौथी. मी दुसरीतली. पण हे मला नंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलं. तुमच्या कागदावर माझ्या नावापुढे फक्त 'नेक पेन, प्लॅटिनम' असं होतं. प्लॅटिनम हे पॅकेजचं नाव. बारा सिटिंग्ज, आगाऊ भरल्यास दोन मोफत. बरं होण्याची तारीख ठाऊक नसताना सिटिंग्जचा आकडा कुठून येतो, हे एकदा समजावून सांगाल का?

मग तो एक्स-रे. कॅज्युअल्टीतला तोच एक्स-रे तुमच्या माणसाने दिव्याच्या पेटीवर लावला, लाल पेनाने त्यावर दोन रेघा मारल्या आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "मानेची कमान गेलीय. मणके सरळ झालेत. तीन नंबरचा थोडा सरकलाय." मला दरदरून घाम आला. मानेची कमान सरळ दिसणं हे मान मुळीच न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या फोटोतही आढळतं. फोटो काढताना हनुवटी जरा आत घेतली तरी कमान बदलते. ते पाहून माझी मान का दुखते हे ठरत नाही. पण माझ्या मनात 'सरकलेला मणका' जाऊन बसला तो बसलाच. पुढचे दोन महिने मी बादली उचलली नाही, नातवाला उचललं नाही, रिक्षात बसले की समोरचा दांडा घट्ट धरून खड्डे मोजायची. आपल्याकडे आधीच 'गॅप आलाय', 'गादी सरकली', 'नस चढली' असल्या शब्दांनी माणसं वर्षानुवर्षं घाबरून बसतात. त्यात तुम्ही रोज भर घालता. शब्दांचा धंदा करणारी म्हणून सांगते, मणका 'सरकला' हे क्रियापद जरा सांभाळून वापरा. ते झटक्याने परत बसत नाही.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं.

माझी आजी अलाबला घ्यायची. दोन्ही हात आमच्या गालांवरून फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायची. कडाकड वाजली की, "बघा, किती दृष्ट लागली होती पोराला!" एखादं बोट वाजलं नाही तर तिला चैन पडायची नाही, पुन्हा करायची. तुमच्या टेबलावर पडल्यावर मला तीच आठवली. आवाज आला म्हणजे पीडा गेली. पहिल्या झटक्यात आवाज झाला नाही तर तुमच्या माणसाचा चेहरा पडायचा, तो हात बदलून पुन्हा झटका द्यायचा. आणि मीही, खोटं कशाला बोलू, आवाजाची वाट बघायची.

सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. तो आवाज तिचा. २०१५ साली अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा एमआरआयमध्ये ठेवून तो ओढला आणि ही पोकळी तयार होताना चित्रीकरण केलं. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. तेव्हा आवाजाचा अर्थ 'मणका जागेवर बसला' असा होत नाही, आणि आवाज न येण्याचा 'अजून अडकलंय' असाही नाही. हे तुम्हाला ठाऊक असणार. मग दुसरा आणि तिसरा झटका कुणासाठी होता? माझ्यासाठी की माइकसाठी?

झटक्यानंतर बरं वाटतं, हे खरं आहे. मलाही पहिल्या दिवशी वाटलं. घरी जाऊन मी मान वळवून खिडकीबाहेरचा आंबा पाहिला आणि जवळजवळ रडले. साध्या मानदुखीत झटका देण्याचा आणि सांधा हळूहळू हलवण्याचा गुण साधारण सारखाच येतो, असं आजवरच्या अभ्यासांचे आढावे सांगतात. म्हणजे तुमच्या हातात गुण आहे. पण तो झटक्याविनाही मिळत असेल, तर आधी झटक्याविनाच का देत नाही?

तुमच्या वेटिंग रूममध्ये एक चौकट होती: 'व्हिपलॅशमध्ये ९३ टक्के रुग्णांना कायरोप्रॅक्टिकने फायदा.' शोधून पाहिलं. तो अभ्यास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा, १९९६ सालचा. जुनी मानदुखी असलेले रुग्ण एकूण अठ्ठावीस. त्यांतल्या सव्वीस जणांना बरं वाटलं. मागे वळून घेतलेला आढावा, तुलनेसाठी दुसरा गट नाही. सव्वीस भागिले अठ्ठावीस, ९३ टक्के. गणित बरोबर आहे. पण चौकटीत 'अठ्ठावीस' हा आकडा नव्हता. छपाईत आम्ही अशी गळती पाहिली की समासात खूण करून विचारतो: मजकूर सुटला आहे का?

आता खरी खटकलेली गोष्ट. तिसऱ्या सिटिंगच्या दिवशी संध्याकाळी मी चहा करत होते. दूध वर आलं म्हणून गॅस बारीक करायला वाकले आणि ओटा फिरला. ओटा, खिडकी, फ्रिज, सगळं एका बाजूला घसरत गेलं. मी खाली बसले, दूध उतू गेलं. पंधरा मिनिटांनी थांबलं तरी उलटीची भावना गेली नाही. क्लिनिकला फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, हा हीलिंग क्रायसिस आहे. टॉक्सिन्स बाहेर पडताहेत. भरपूर पाणी प्या आणि उद्या या." माझ्या आजीलाही उत्तर देता आलं असतं. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या असत्या, आणि तिने पैसे घेतले नसते.

सुदैवाने सुनेने ते ऐकलं नाही, ती मला न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन गेली. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी नाव विचारल्यावर दुसराच प्रश्न विचारला: "गेल्या काही दिवसांत मान कुणी फिरवली का? कायरोप्रॅक्टर, मालिशवाला, सलूनमध्ये?" मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्याच भोकांतून वर जातात आणि सगळ्यात वरच्या मणक्यापाशी वळण घेऊन कवटीत शिरतात. मान जोरात वळली तर क्वचित त्यांच्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी होते, गुठळी वर गेली तर पक्षाघात. माझा धमन्यांचा एमआरआय स्वच्छ निघाला. चक्कर कशाने आली, ते बाईंनी ठामपणे सांगितलं नाही. मीही तुमच्यावर तो आरोप ठेवत नाही.

ही गोष्ट दुर्मीळ आहे, हे मला माहीत आहे. झटक्यामुळेच चीर पडते हे पक्कं सिद्ध झालेलं नाही, हेही. कॅनडात ओंटारिओतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की अशा पक्षाघाताआधी माणसं जशी कायरोप्रॅक्टरकडे गेलेली असतात तशीच फॅमिली डॉक्टरकडेही. म्हणजे चीर आधीच पडलेली असते, तिच्यामुळे मान दुखते आणि म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो. तुमचे बचावकर्ते हा अभ्यास नेहमी पुढे करतात. करा. पण त्याचा अर्थ काय होतो? चीर पडलेला माणूस मानदुखी घेऊन तुमच्याच दारात येऊ शकतो. अपघात झालेला तर जास्तच, कारण मानेला बसलेला हिसका हेही चीर पडण्याचं एक कारण आहे. मग त्याला झटका देण्याआधी विचारायला नको? असं दुखणं आयुष्यात आधी कधी झालं होतं का? एकाचे दोन दिसतात का? जीभ जड होते का, घास अडकतो का, चालताना तोल जातो का, चेहऱ्याची एक बाजू बधिर वाटते का? विचारायला दोन मिनिटं लागतात. रील एडिट करायला किती लागतात? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये एवढंच सांगितलं होतं की संबंध सिद्ध नसला तरी मानेला झटका देण्याआधी पेशंटला या शक्यतेची कल्पना द्या. मला व्हिडिओची कल्पना दिली गेली.

माझा मावसभाऊ टोरांटोजवळ राहतो. त्यालाही मागून गाडी धडकली होती. त्याला विम्यातून कायरोप्रॅक्टरकडेच पाठवलं आणि त्याने ते आनंदाने सांगितलं. पहिली भेट पाऊण तासाची. प्रश्न, रक्तदाब, हातांची पकड, गुडघ्यावर हातोडी, आणि झटका एकही नाही. "आज फक्त हालचाल शिकवतो, कामावर जात राहा," एवढं. दोन आठवड्यांनी हळूहळू सांधे हलवले. ओंटारिओत या व्यवसायाची नियामक संस्था आहे, तक्रार करायला दार आहे. आपल्याकडे फिजिओथेरपीसाठी राज्याची परिषद आहे, आयुर्वेद-होमिओपॅथीला परिषदा आहेत. तुमच्यासाठी काही नाही. परदेशातून रीतसर पदवी घेऊन आलेला आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून आलेला, दोघांच्या पाटीवर 'डॉ.' सारख्याच टायपात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत या शिक्षणासाठी किमान ४,२०० तास सांगितले आहेत, त्यातले हजार तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर. तुमच्यापैकी ज्यांनी ते तास भरलेत, त्यांना राग यायला हवा तो माझ्या पत्राचा नव्हे, शेजारच्या पाटीचा. तुमचे आद्य पुरुष डी. डी. पामर १९०६ साली विनापरवाना वैद्यकी केली म्हणून अमेरिकेतल्या आयोवात तुरुंगात गेले होते. त्यानंतर तिकडे तुमच्या लोकांनी भांडून परवाने मिळवले. इथे तुम्ही परवाना मागतानाही कुणी पाहिलं नाही.

आमच्या गावी एक हाडवैद्य होते. मनगट, घोटा, खांदा, सगळं बसवायचे. तेल, बांबूच्या कामट्या, फडकं. एकदा झाडावरून पडलेल्या गड्याला बैलगाडीतून त्यांच्याकडे आणलं. त्यांनी हात लावला नाही. "मानेचं काम माझं नाही. फळीवर बांधून सरकारी दवाखान्यात न्या, वाटेत बसवू नका." शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस होता. नकार देता येत होता, एवढंच.

तेव्हा विनंती अशी. पाटीवर पदवी, विद्यापीठ आणि किती वर्षांचं शिक्षण हे लिहा. पहिल्या भेटीत मानेला झटका देऊ नका. अपघाताचा पेशंट असेल तर आधीचे कागद वाचा. पॅकेजं बंद करा, निदान आगाऊ घेऊ नका. तुमच्या क्लिनिकमधून घरी गेल्यावर काय झालं तर लगेच रुग्णालय गाठायचं, ते चार ओळींत मराठीत छापून हातात द्या, आणि फोन उचलणाऱ्या मुलीला 'टॉक्सिन्स' हा शब्द विसरायला सांगा. व्हिडिओच्या चौकोनातली खूण पेशंटलाच करू द्या.

माझी मान आता ऐंशी टक्के बरी आहे. एका फिजिओथेरपिस्ट मुलीने चार व्यायाम दिले, दिवसातून तीन वेळा, आवाज न करणारे. कंटाळवाणे आहेत. त्यांची रील कुणी बघणार नाही.

माझ्या प्लॅटिनममधल्या नऊ सिटिंग्ज आणि दोन मोफत अजून शिल्लक आहेत. पैसे परत मागत नाही. त्यातून वरची प्रश्नावली छापून घ्या. मजकूर पाठवलात तर मुद्रितं मी विनामूल्य तपासून देईन.



आपली,
एक (अर्धवट) पेशंट आणि पूर्णवेळ मुद्रितशोधक,
पुणे